सात नंबरची दोरी

१

मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी दहा ते एक, एल्स्पेथ मायर मेलेल्यांच्या मागावर असे. हे तिचेच शब्द. तीस वर्षं तिने फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर, घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा हे बरं, म्हणून ती पोर्टकॉरी या मासेमारीच्या गावच्या वंशावळ मंडळात जाऊ लागली. मंडळ म्हणजे काय, तर बंदरावरच्या जुन्या कचेरीची माडी, पाच कपाटं, एक विजेची शेगडी, एक किटली आणि किल्ल्या सांभाळणारा वॉटी बुकन. वॉटी तिच्याच वर्गातला. पन्नास वर्षं उलटली तरी तो तिला शाळेतल्यासारखाच चिडवायचा.

कॅनडातून, न्यूझीलंडमधून माणसं पत्रं लिहीत. आमचे पणजोबा तुमच्या गावचे, ते कुठे पुरलेत ते कळवाल का? एल्स्पेथ कळवायची. फोटो काढून, नकाशावर फुली मारून, दगडावरचं शेवाळ घासून कळवायची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की तिला स्वतःचा आजा सापडत नव्हता.

रॉबर्ट स्लेटर. हेरिंग मासे भरायची लाकडी पिपं बनवणारा. फेब्रुवारी १९३८ मध्ये छातीच्या दुखण्याने गेला. मृत्यूचा दाखला होता, वर्तमानपत्रातल्या दोन ओळी होत्या. टेकडीवरच्या चर्चच्या आवारात पुरला, हेही नक्की होतं. पण आवारात कुठे? दगड उभारायला पैसा नव्हता. त्या दहा वर्षांची नोंदवही एका वादळात समुद्राच्या पाण्याने भिजली आणि तिची पानं एकमेकांना चिकटून तिची वीट झाली.

घरातल्या कुणाला माहीत नसावं, याचं बाहेरच्यांना नवल वाटे. एल्स्पेथला वाटत नसे. त्या काळी या किनाऱ्यावरच्या बायका खड्ड्यापर्यंत जातच नसत. पेटी दारातून निघाली की बायकांनी खिडक्यांचे पडदे ओढायचे, हॅम उकडायचं, ओटची बिस्किटं मांडायची आणि पुरुष परत येण्याची वाट पाहायची. जागा पुरुषांना ठाऊक. पुरुषांना वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी युद्ध लागलं. निम्मे पुरुष पाणसुरुंग काढणाऱ्या बोटींवर गेले ते गेलेच, उरलेले वयाने गेले. आणि एल्स्पेथची आजी चाळीस वर्षं दर रविवारी चर्चला जात राहिली, नवऱ्याच्या जवळून जातोय की त्याच्या अंगावरून, हे न कळता. विचारायची लाज वाटली तिला. असली लाज आमच्याकडे पोराबाळांना वारशात मिळते.

आता हे सगळं निकडीचं झालं होतं, कारण नॅन. एल्स्पेथची आई, रॉबर्टची एकुलती मुलगी, वय एक्क्याण्णव. फुप्फुसात पाणी होत होतं. वृद्धाश्रमातल्या डॉक्टरांनी 'काही आठवडे' असं म्हणून खांदे उडवले होते. नॅनची एकच इच्छा होती, बाबांच्या जागेतच आपल्याला पुरावं. नगरपालिका म्हणाली, जागा दाखवा, आम्ही खणून देतो. नाहीतर नवी दफनभूमी आहेच, हमरस्त्याच्या पलीकडे.

"पेट्रोलपंपामागे टाकलंत मला," नॅन म्हणाली होती, "तर मी दर शनिवारी तुझ्या घरी जेवायला येईन, लक्षात ठेव."

२

त्या गुरुवारी वॉटीने टेबलावर बिस्किटांचा एक गंजका डबा ठेवला.

"ॲलेक कॉवीच्या नातीने घर रिकामं केलं. कचऱ्यात टाकणार होती. म्हटलं, बाई, आमच्या कचऱ्यात टाक."

डब्यात फोटो होते, दाढीचा वस्तरा होता आणि काळ्या कडेचं, पत्त्याएवढं एक कार्ड होतं. कार्डाच्या मधोमध शवपेटीची आकृती आणि तिच्याभोवती एक ते आठ आकडे. आमच्याकडे पेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात. कुणी कुठली धरायची हे आधी ठरतं आणि त्याचं कार्ड हातात देतात, म्हणजे खड्ड्याशी धक्काबुक्की नको. डोक्याकडची एक नंबरची, ती सगळ्यात जवळच्याची. या कार्डावर रॉबर्ट स्लेटरचं नाव होतं, आणि आकड्यांपुढे पेनाने लिहिलेली आठ नावं.

एल्स्पेथने नावं मोजली. आठ माणसं. ज्यांना जागा ठाऊक होती ती आठ माणसं. एकाच्या तरी घरी काही लिहून ठेवलेलं असेल. ती बोट फिरवत वाचू लागली. एक, जेम्स स्लेटर, रॉबर्टचा भाऊ. पाच, ॲलेक कॉवी. सहा, आठ, सगळे ओळखीचे, सगळ्यांचे मृत्यूचे दाखले तिच्या फाईलमध्ये. सात नंबरपुढे लिहिलं होतं, नॅन.

"टोपणनाव असेल कुणाचं तरी," वॉटी म्हणाला. "अर्ध्या गावाचं आडनाव एक. टोपणनावाशिवाय पोस्टमनचं डोकं फिरलं असतं."

"पुरुषाचं टोपणनाव नॅन?"

"अगं, माझ्या आजोबांच्या बोटीवरच्या एकाला राणी म्हणायचे. सहा फूट उंच आणि ही एवढी दाढी."

एल्स्पेथ हसली. कार्ड तिने दुपारभर जवळ ठेवलं. शाई तीच होती, अक्षर तेच होतं. वॉटीचं म्हणणं बरोबर असणार. आई तेव्हा चार वर्षांची, तेवढ्या पोरीच्या हातात कोण दोरी देईल? त्यातही पोरीच्या!

पण शंका ही दातात अडकलेल्या काडीसारखी असते. सोमवारी ती बर्नहेडच्या दफ्तरखान्यात गेली आणि तिथल्या तापाच्या जुन्या दवाखान्याची वही मागवली. लहानपणी आईला लाल ताप आला होता, हे ती ऐकून होती. वहीत आई होती. ॲन स्लेटर, म्हणजे घरची नॅन, वय चार. आत, ३१ जानेवारी. घरी, १२ मार्च. बापाला पुरलं त्या दिवशी, सतरा फेब्रुवारीला, पोरगी पोर्टकॉरीपासून अकरा मैलांवर खाटेवर होती, आणि त्या दवाखान्यातून मूल सोडाच, खेळणंसुद्धा बाहेर जाऊ देत नसत. म्हणजे वॉटी बरोबर होता. वही मिटता मिटता तिची नजर शेऱ्याच्या रकान्यावर गेली. रोज एक ओळ होती. ताप उतरतोय. पुरळ कमी. दूध प्याली.

सतरा फेब्रुवारी. दुपारपासून उजवी मूठ उघडत नाही. जबरदस्ती करू नये.

३

आईची उजवी मूठ उघडत नाही, हे एल्स्पेथला इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याबद्दल तिने कधी विचारच केला नव्हता. आई बटाटे डाव्या हाताने सोलायची, पत्रं डाव्याने लिहायची, मुस्काटात डाव्यानेच द्यायची. विणताना उजवी सुई कमरेच्या पट्ट्यात खोचायची. तापाने शिरा आखडल्या, असं डॉक्टर म्हणत. आश्रमातली मॉर्व्हेन नावाची परिचारिका रोज त्या मुठीत कापसाची वात सरकवून आतून पुसून काढायची आणि म्हणायची, "नॅनआजी, काय दडवलंय एवढं? वाटणी द्या की आम्हाला."

"मिळालं का गं?" एल्स्पेथ खोलीत शिरताच नॅनने विचारलं. ती रोज हेच विचारायची.

"जागा नाही अजून. पण हे बघ."

नॅनने चष्मा लावला. कार्ड नाकाशी धरून वाचलं. "जेम्सकाका. हं. ॲलेक. ॲलेक माझ्या शेजारी होता. त्याचे बूट नवे होते, करकरायचे."

"आई, तू तिथे नव्हतीस. तू बर्नहेडला होतीस. मी वही पाहून आले."

"होतेच की बर्नहेडला. खाटेला जाळी होती. नर्स बार्लीचं पाणी द्यायची, शी!"

"मग?"

"मग काय? दोरी होती हातात."

खाली कुणीतरी चहाची गाडी ढकलत होतं. कपांचा आवाज जवळ येत होता. एल्स्पेथ खुर्चीत टेकली. वय झालं की दोन आठवणी एकमेकींत मिसळतात, हे तिला ठाऊक होतं. मंडळात नेहमी असली म्हातारी माणसं यायची. पण मिसळलेल्या आठवणी सांगताना माणूस चाचपडतो, आणि नॅन चाचपडत नव्हती.

"जेम्सकाका म्हणाले, नॅन, घट्ट धर, सोड म्हणेपर्यंत सोडायची नाही."

"आणि?"

"आणि कुणी म्हणालंच नाही." एखादी बस चुकल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं. "बाकीच्यांनी टाकल्या. लाकडावर पडताना मी ऐकल्या ना. वाटलं, माझ्याकडे बघतील कुणीतरी. पण सगळ्यांनी टोप्या घातल्या आणि गेले. जेवणाची वेळ झाली होती."

एल्स्पेथला अचानक रडू फुटलं. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न वेगळा, पण ते चार वर्षांचं पोर तिला दिसलं, वाट बघत उभं असलेलं.

"मग सोडून द्यायची होतीस, आई. इतकी वर्षं!"

"वेडी का काय तू?" नॅनने तिच्याकडे पाहिलं. "आणि ते खाली पोचले नसले तर?"

४

शुक्रवारी दुपारी नॅनचा श्वास वाजू लागला होता. ओठ निळसर झाले होते, पण डोकं ठिकाणावर होतं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि कुणीतरी हिरवळ कापत होतं.

"एल्स्पेथ, घटकाभर धरतेस का? हात भरून आलाय."

मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. एल्स्पेथने पलंगाशी उभं राहून उजवा हात आईच्या मुठीखाली धरला. तिला जरा हसूही येत होतं. नॅनने एकेक बोट उचललं. आधी करंगळी. एक्क्याण्णव वर्षांच्या त्या हाताचा तळवा कोवळा होता, तान्ह्या मुलाचा असतो तसा, आणि त्यावर आडवी खोल खाच होती. शेवटचं बोट सुटलं.

एल्स्पेथच्या हातात वजन आलं.

फार नव्हे. पाण्याने भरलेल्या बादलीइतकं. पण ते खाली ओढत नव्हतं. तिरकं ओढत होतं, खिडकीच्या दिशेने, समुद्राकडे. तिने न कळत बोटं मिटली.

"धरलीस?"

"धरली," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

नॅनने उजवा हात डोळ्यांसमोर धरून हलवून पाहिला. त्या हाताने नाक खाजवलं. हसली. मग चहा मागितला आणि तो उजव्या हाताने कप धरून, एक थेंबही न सांडता प्यायली. "बघ बाई," ती म्हणाली, "इतकं सोपं असतं होय हे." आणि डोळे मिटून पडली. चार वाजता मॉर्व्हेन कप न्यायला आली तेव्हा ती गेलेली होती.

५

डॉक्टर झाले, सह्या झाल्या. त्या एल्स्पेथने डाव्या हाताने केल्या. भावाला लंडनला फोन केला. मग ती गाडीत बसली आणि डाव्या हाताने चालवत गावाकडे निघाली.

धक्क्याने असं होतं, तिने स्वतःला समजावलं. मनगटाची शीर दबली असेल. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने पडताळा पाहायचा म्हणून बोटं किंचित सैल केली. काहीतरी सर्रकन बोटभर पुढे सरकलं आणि तळवा पोळला. तिने मूठ आवळली. हिरवा दिवा लागला होता, मागचा हॉर्न वाजवत होता. तळव्यावर आडवी रेघ झोंबत होती. सगळ्यात वाईट हे, की सरकायला अजून दोरी शिल्लक होती. आईला मी होते, तिच्या मनात आलं. मला कोण? तिने लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, आणि आजवर त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

गाव जवळ आलं तशी ओढ बदलली. आधी ती समोरून होती, मग समोरून आणि खालून. चर्चच्या फाटकाशी तिने गाडी उभी केली तेव्हा हात गुडघ्याकडे ओढला जात होता. ती आत चालत गेली. फिरायला निघालेलं कुत्रं मालकाला नेतं तशी ती नेली गेली, दगडांमधून, उतारावरून, पूर्वेच्या भिंतीपर्यंत. तिथे दोन थडग्यांच्या मध्ये गवताचा एक रिकामा पट्टा होता. आजवर ती शंभरदा तरी तिथून गेली असेल. त्या पट्ट्याच्या कडेला ओढ सरळ खाली झाली, ओळंब्यासारखी.

तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला, हे खरं. सहा वर्षांचा शोध होता. "सापडलात हो," ती मोठ्याने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा खणणारा ग्रेगर लोखंडी सळई घेऊन आला. त्याने सळई गवतात खुपसली. ती गेली, पाच फूट, सहा फूट, मुठीपर्यंत गेली.

"जुनी पेटी असली तर टक्क वाजतं," तो म्हणाला. "इथे काहीच नाही."

"इथेच आहेत ते."

"कागद आहे?"

"नाही. पण मी सही करते."

ग्रेगरने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नॅन शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढायची, तिच्या हातचं पुडिंग त्याने दहा वर्षं खाल्लं होतं. "नॅनबाईंसाठी करतो," तो म्हणाला.

सोमवारी त्याने खड्डा खणला आणि फोन केला. पेटी नाही, हाड नाही, खिळासुद्धा नाही, माती मात्र एकदा खणलेली, मऊ. "आणि एक गंमत सांगू? डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक भोक आहे. बोटाएवढं. गुळगुळीत, घासून घासून झालेलं. उंदरा-घुशीचं नाही. मी त्यात खडा टाकला."

"मग?"

"मग काय, पडल्याचा आवाजच येईना. कुदळ उचलली नि घरी आलो," ग्रेगर म्हणाला.

६

बुधवारी अकरा वाजता पन्नासेक माणसं टेकडीवर चढली. वारा पडला होता. आता बायकाही वर येतात. अंत्यविधीचं सगळं लम्सडेन यांच्याकडे होतं. त्यांच्या घरात हे काम चार पिढ्या चाललं होतं, रॉबर्ट स्लेटरची पेटीही त्यांच्या आजोबांनीच केली होती. लम्सडेन हळू बोलणारे, इस्त्रीच्या कपड्यांतले, कधी घाईत नसलेले गृहस्थ. त्यांनी कार्डं वाटली. एल्स्पेथला एक नंबर, डोक्याकडची. भावाला दोन. वॉटीला पाच.

"उजव्या हातात घ्या, एल्स्पेथबाई," लम्सडेन म्हणाले. "डाव्याने जोर लागत नाही."

"उजवा मोकळा नाही," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. दोरी तिच्या डाव्या हातात दिली.

पेटी खाली गेली. सरळ, शांत, कुठे घासली नाही. टेकली तेव्हा मातीचा लहानसा आवाज झाला. आई पोचली, एल्स्पेथच्या मनात आलं, आणि तिचे डोळे भरले. आईला हवी होती तिथेच जागा मिळाली होती.

"सोडा," लम्सडेन म्हणाले.

दोऱ्या पडल्या. लाकडावर पडतानाचा तो आवाज तिने ऐकला. तिने डावा हात उघडला, तिचीही पडली. पाद्री प्रार्थना म्हणू लागले. माणसं अर्धं पाऊल मागे सरकली. वॉटी रुमालात नाक शिंकरत होता. खाली सभागृहात सूप तयार होतं, आणि लोकांना भूक लागली होती, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

पाहता पाहता कडेला ती एकटीच उरली. तेवढ्यात लम्सडेन तिच्या शेजारी आले. त्यांनी तिच्या उजव्या मुठीकडे पाहिलं, आणि मग तिथून त्यांची नजर खाली गेली, सावकाश, सरळ रेषेत, खड्ड्याच्या डाव्या कडेने. दोरीवरून नजर उतरावी तशी.

"एल्स्पेथबाई," ते तिच्याच कानावर पडेल इतक्या हळू म्हणाले, "हीसुद्धा सोडायची असते."

शहाऐंशी वर्षांनी कुणीतरी म्हणालं होतं. आई हवी होती हे ऐकायला. तिने एक बोट उचललं. दुसरं उचललं. किती सोपं असतं हे, असं तिलाही वाटलं. मग ती थांबली.

"पोचलेत का ते खाली?" तिने विचारलं. "एवढं बघून सांगा मला."

लम्सडेननी टोपी काढली. एक गुडघा गवतावर टेकवला आणि ते खड्ड्यावर वाकले. त्यांनी आईच्या पेटीकडे पाहिलं नाही. कडेकडेने, तिच्याही खाली, त्यांनी खूप वेळ पाहिलं, चांगल्या कारागिराने आपल्या घराण्याचं काम पाहावं तसं, नीट. प्रार्थना संपली. माणसं टोप्या घालून उताराला लागली. मग ते उठले आणि त्यांनी गुडघ्याची माती झटकली.

"नाही, बाई," ते म्हणाले. "अजून नाही."

एल्स्पेथने दोन्ही बोटं पुन्हा मिटली.